विमान उतरवताना

घराच्या कौलावर येऊन बसणारा कावळा आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. परंतु तो बसतो कसा, हे बारकाईने पाहण्याची तसदी आपण सहसा घेत नाही. उद्या सकाळी जमले तर अवश्य पाहा. दुरून तो वेगाने येतो, कौलाजवळ आला की अंग उभे करतो, पंख आणि शेपूट पसरतो. त्याचा वेग एकाएकी मरतो, पंखांचा आधार सुटतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याचे पाय कौलाला टेकतात. पंखांचा आधार दोन हात अलीकडे सुटता, तर कावळा वळचणीखाली पडता. न सुटता, तर तो कौलावरून पुढे निघून जाता. कावळ्याच्या हिशेबात अशी चूक सहसा होत नाही. माणसाच्या हिशेबात होते. कावळ्याला जे पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्काराने येते, ते माणसाला शिकून घ्यावे लागते, आणि शिकलेले ऐनवेळी आठवावे लागते.

आयुष्याची बरीच वर्षे मी लहान विमाने उडवण्यात आणि ती उडवावयास शिकवण्यात घालवली. चार माणसांची, एका इंजिनाची, समोर पंखा फिरणारी अशी ही विमाने. माझे विद्यार्थी मला पहिल्या दिवशी हमखास विचारीत, ‘विमान वर नेणे कठीण की खाली आणणे?’ त्याचे उत्तर असे की, वर जाण्याची ओढ विमानाला स्वतःलाच असते. खाली आणण्याचे काम मात्र माणसाचे. त्या कामातला जो एक नाजूक भाग आहे, त्याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे. पंखांचा आधार सुटण्याच्या ज्या अवस्थेचा मी आत्ता उल्लेख केला, तिला वैमानिकांच्या बोलीत ‘स्टॉल’ म्हणतात. ती ओळखावी कशी, आणि नको त्या जागी ती येऊ नये म्हणून काय करावे, हा आजचा विषय.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोटार चढणीवर ‘स्टॉल’ झाली, असे आपण म्हणतो तेव्हा तिचे इंजिन बंद पडलेले असते. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी असा संबंध नाही. इंजिन पूर्ण जोराने गर्जत असतानाही विमान स्टॉल होऊ शकते, आणि इंजिन मुळीच नसलेले ग्लायडर तासन्‌तास स्टॉल न होता आकाशात तरंगू शकते. स्टॉल ही पंखांची गोष्ट आहे.

ती समजून घेण्यासाठी फार गणित लागत नाही. आगगाडी वेगाने धावत असताना खिडकीबाहेर हात काढण्याचा मोह लहानपणी ज्याला झाला नाही असा माणूस विरळा. (मुलांना तसे करू देऊ नये, हे सांगावयास नकोच.) तळहात जमिनीशी समांतर ठेवला तर वारा दोन्ही बाजूंनी निघून जातो. हाताची पुढची कड किंचित वर केली की हात आपोआप वर उचलला जाऊ लागतो. आणखी थोडी वर केली की आणखी जोराने उचलला जातो. परंतु ती कड फारच वर केली, तर हात वर जाण्याऐवजी नुसता मागे ढकलला जातो. उचलणारी शक्ती गेली आणि अडवणारी तेवढी उरली. हाच स्टॉल होय. येणारा वारा आणि पंख यांच्यामधल्या कोनाला आपण ‘भिडण्याचा कोन’ म्हणू. सामान्य विमानाच्या पंखांच्या बाबतीत हा कोन १५ ते १८ अंशांच्या आसपास पोचला की उचल कोसळते.

असे का व्हावे, याचे मर्म जर्मनीतील शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्ग येथे भरलेल्या गणितज्ञांच्या परिषदेत सांगितले. पंखाच्या अंगाला चिकटून हवेचा एक अतिशय पातळ थर वाहत असतो, आणि घर्षणामुळे तो मंद असतो. पंखाच्या वरच्या बाजूने मागे जाताना त्याला वाढत्या दाबाविरुद्ध वाटचाल करावी लागते. चढण सौम्य असेल तर तो ती पार करतो. भिडण्याचा कोन वाढला की चढण खडी होते, थकलेला थर वाटेतच थबकतो, उलट फिरतो, आणि त्याच्यावरचा सारा प्रवाह पंखाला सोडून देतो. मग पंखावर भोवऱ्यांखेरीज काही उरत नाही. याच प्रांटल यांच्या हाताखाली गटिंगेन येथे अभ्यास करून डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे विद्वान १९३६ साली डॉक्टर झाले. पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यात त्यांच्या मार्गदर्शनाखाली ‘एच. टी. २’ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान तयार झाले आणि १९५१ साली ते प्रथम आकाशात गेले. आपल्या कित्येक वैमानिकांनी विमान हाताळण्याचे पहिले धडे त्या विमानात गिरवले. गटिंगेनच्या प्रयोगशाळेतले ज्ञान शिकाऊ माणसाच्या मुठीपर्यंत पोचले ते असे.

आता मुख्य मुद्दा येतो. स्टॉल होतो तो भिडण्याचा कोन मर्यादेबाहेर गेल्यामुळे. केवळ वेग कमी झाल्यामुळे नव्हे. वेग आणि कोन यांचे नाते आहे खरे. विमान मंद झाले की तेवढेच वजन उचलण्यासाठी पंखांना अधिक कोन घ्यावा लागतो, आणि वेग घटत घटत एका ठरावीक आकड्याला आला की कोन मर्यादेला पोचतो. म्हणून प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत स्टॉलचा वेग दिलेला असतो. परंतु तो आकडा सरळ, संथ उड्डाणाचा असतो. विमान वळवले, दांडा झटक्याने ओढला, की तो आकडा बदलतो. नवशिक्या वैमानिकाची फसगत होते ती येथेच. तो आकडा पाठ करतो आणि त्याची अट विसरतो.

उदाहरण घेऊ. समजा, आपले विमान सरळ उड्डाणात ५० नॉट वेगाला स्टॉल होते. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर, तेव्हा हा वेग ताशी ९३ किलोमीटरांच्या आसपास झाला. उतरताना स्टॉलच्या वेगाच्या १.३ पट वेग ठेवावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे आपण ६५ नॉट वेगाने उतरत आहोत. हाताशी १५ नॉटांची शिल्लक आहे. आता विमान वळवावयाचे, तर ते एका अंगावर कलते करावे लागते. कलल्यावर पंखांच्या उचलीपैकी काही भाग विमानाला वळवण्यात खर्ची पडतो, आणि वजन पेलण्यासाठी एकूण उचल वाढवावी लागते. उंची न गमावता ३० अंश कलून वळले, तर स्टॉलचा वेग ५० वरून सुमारे ५४ होतो. ४५ अंशांना तो सुमारे ६० होतो. ६० अंशांना पंखांना दुप्पट भार उचलावा लागतो आणि स्टॉलचा वेग सुमारे ७१ नॉटांवर जातो. पाहा, आपला वेग मात्र ६५ च आहे! काट्याकडे पाहणाऱ्याला वाटते की सारे ठीक चालले आहे. प्रत्यक्षात शिल्लक केव्हाच संपलेली असते.

आता आपण मनाने त्या लहान विमानात बसू आणि धावपट्टीकडे निघू. विमाने धावपट्टीला चौकोनी फेरी घालून उतरतात. प्रथम धावपट्टीला समांतर, वाऱ्याच्या दिशेने, सुमारे हजार फुटांवरून जावयाचे. धावपट्टीचे टोक मागे पडले की इंजिन मंद करून एक काटकोनी वळण घ्यावयाचे, थोडे आडवे जावयाचे, आणि दुसऱ्या काटकोनी वळणाने धावपट्टीच्या सरळ रेषेत यावयाचे. हे शेवटचे वळण चारपाचशे फुटांवर येते. लहान विमानांच्या इतिहासात या वळणाइतकी बदनाम जागा दुसरी क्वचितच असेल.

त्याचे कारण ऐका. आडव्या वाटेवर असताना वारा पाठीमागून असला, तर विमान जमिनीवरून अधिक भरभर सरकते. वळण घ्यावयास क्षणभर उशीर होतो आणि विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाऊ लागते. वैमानिकाला वाटते, वळण घट्ट करावे. परंतु जमिनीच्या इतक्या जवळ विमान फार कलते करणे मनाला भिववते. मग हात कलणे रोखून धरतो आणि पाय आतल्या बाजूचे पेडल दाबतो, नाक रेषेकडे ढकलावे म्हणून. नाक फिरते, पण ते खालीही झुकते. समोर जमीन दिसू लागते, म्हणून हात दांडा मागे ओढतो. झाले! आतला पंख बाहेरच्याहून मंद चाललेला असतो. कलणे रोखण्यासाठी त्याच्या कडेची झडप खाली गेल्याने त्याचा कोनही वाढलेला असतो. आणि ओढलेल्या दांड्याने दोन्ही पंखांचा कोन आणखी वाढवला. आतला पंख आधी स्टॉल होतो, विमान त्या अंगावर उलटते, आणि गिरक्या घेत खाली जाऊ लागते. तीन हजार फुटांवर हा प्रकार घडला, तर शिकलेला वैमानिक त्यातून सुटतो. चारशे फुटांवर सुटण्यासाठी लागणारी उंचीच नसते. उंची हा वैमानिकाच्या गाठीला बांधलेला पैसा आहे. गाठ रिकामी असताना उधळेपणा परवडत नाही.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, प्रत्येक पायरीवर वैमानिकाने जे केले ते त्याला त्या वेळी सावधपणाचेच वाटत होते. फार कलू नये, हा सावधपणा. नाक रेषेत आणावे, हा सावधपणा. जमीन जवळ दिसली तर नाक वर घ्यावे, हाही सावधपणाच. तीन सावधपणांची बेरीज मात्र भलतीच झाली.

डोळाही असाच फसवतो. वैशाखातल्या दुपारी दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंचीच्या धावपट्टीवर आपण उतरत आहोत असे समजा. हवा तापून विरळ झालेली असते. वेगाचा काटा ६५ नॉट दाखवीत असला तरी विरळ हवेतून विमान खरोखर ७० नॉटांच्या आसपास जात असते. जमीन नेहमीपेक्षा भरभर मागे पळताना दिसते, आणि ‘वेग फार झाला’ असे वाटून हात दांडा मागे घेऊ लागतो. पाठीमागचा वाराही हाच भास निर्माण करतो. पंखांना जमिनीशी कर्तव्य नाही. त्यांचा व्यवहार फक्त हवेशी. म्हणून उतरताना वेग विचारावा तो काट्याला. झाडांना आणि शेतांना विचारू नये. तसेच झोताझोताने वाहणाऱ्या वाऱ्यात थोडी जास्तीची शिल्लक ठेवावी. वारा १० नॉट असून मध्येच २० चे झोत येत असतील, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे ५ नॉट, आपल्या वेगात मिळवावे. जमिनीजवळ झाडे आणि इमारती वारा अडवतात. समोरचा वारा एकदम पडला की तेवढा वेग विमानाच्या हिशेबातून तत्काळ वजा होतो.

स्टॉल न सांगता येतो काय? नाही. तो पुष्कळ आधीपासून निरोप धाडतो, ऐकणारा हवा. पहिला निरोप कानाला मिळतो: वाऱ्याचा सूं सूं आवाज हलका होत जातो. दुसरा निरोप हातापायांना. दांडा आणि पेडले सैल, पिळपिळीत लागू लागतात. हलवली तरी विमान सावकाश उत्तर देते, जणू ताकात रवी फिरवावी तसे. तिसरा निरोप डोळ्यांना: नाक क्षितिजाच्या वर चढलेले दिसते आणि तरीही विमान खाली बसत असते. चौथा निरोप अंगाला: पंखांवरून सुटलेले भोवरे शेपटावर आदळतात आणि सारे विमान थरथरू लागते. ही थरथर उंबरठ्यावरची असते; त्यापुढे दार उघडते.

माणसाच्या इंद्रियांवर विसंबून न राहता यंत्रानेही इशारा द्यावा अशी सोय पुष्कळ विमानांत केलेली असते. काहींत पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानसे पाते असते. कोन वाढला की वारा ते वर उचलतो आणि विजेचा भोंगा वाजू लागतो. जगभर शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सेसना १७२’ या विमानातली योजना मला विशेष आवडते. तिच्या डाव्या पंखाच्या कडेला एक छिद्र असते. कोन वाढत गेला की त्या छिद्रापाशी हवेचा दाब घटतो, आतली हवा बाहेर ओढली जाते, आणि वाटेत बसवलेली एक स्वरपट्टी वाजू लागते. आपल्या बाजाच्या पेटीत असते, तशाच जातीची ही पट्टी. वीज नको, इंजिन नको. पंख स्वतःच सूर धरतो. प्रत्यक्ष स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी हा सूर सुरू होतो. प्रथम क्षीण, मग कर्कश.

निरोप मिळाला, पुढे काय? उपाय एका वाक्यात सांगता येतो: ओढलेला दांडा सैल सोडावा. नाक खाली येऊ द्यावे, म्हणजे भिडण्याचा कोन लगेच कमी होतो आणि सुटलेला प्रवाह पंखाला पुन्हा बिलगतो. मग इंजिनाला पूर्ण जोर द्यावा, पंख समतल करावेत, विमान तिरके घसरत असेल तर पेडलांनी ते सरळ करावे, आणि सावकाश पुन्हा वर चढावे. उंचीवर सराव करताना शिकलेला हात एवढे सारे शे-दोनशे फुटांत उरकतो. उपाय इतका सोपा असताना माणसे दगावतात का? ज्या क्षणी विमान खाली पडू लागते, त्या क्षणी नाक खाली करा असे शरीराला सांगणे म्हणजे त्याच्या साऱ्या जन्मजात समजुतींविरुद्ध जाणे आहे. पडणारा माणूस काहीतरी घट्ट धरतो आणि आपल्याकडे ओढतो. विमानात धरावयास दांडाच असतो.

हा धडा माणसाने फार जुन्या काळापासून किंमत मोजून घेतलेला आहे. जर्मनीतील ओटो लिलिएंताल यांनी पंख अंगाला बांधून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा उड्डाणे केली. ऑगस्ट १८९६ मध्ये एका झोताने त्यांच्या यंत्राचे नाक वर उचलले, पंखांचा आधार सुटला आणि ते सुमारे १५ मीटर उंचीवरून कोसळले. दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, बर्लिन येथे त्यांचा अंत झाला. अमेरिकेतील राइट बंधूंनी हा अपघात मनावर घेतला होता. १९०१ साली किटी हॉकच्या वाळूवर विल्बर राइट यांचे ग्लायडर तशाच अवस्थेत सापडले. परंतु त्यांनी आडवे सुकाणू शेपटाला न लावता पुढे लावलेले होते, आणि यंत्र नाकावर न पडता सपाट खाली बसले. विल्बर वाचले. दोन वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, बंधूंनी इंजिनासह पहिले उड्डाण केले.

पण जुन्या काळाचेच कशाला बोलावे? १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेतील बफेलो शहराकडे उतरत असलेल्या एका प्रवासी विमानाचा वेग नकळत घटत गेला. त्या विमानात इशाऱ्यासाठी दांडाच थरथरण्याची सोय होती. दांडा थरथरला, मुख्य वैमानिकाने तो पुढे सोडण्याऐवजी मागे ओढला. विमानातील सर्व ४९ आणि जमिनीवरील एक, असे ५० जीव गेले. तपास करणाऱ्यांनी अपघाताचे प्रमुख कारण म्हणून वैमानिकाच्या याच उलट्या प्रतिक्रियेवर बोट ठेवले. लिलिएंताल यांना स्टॉल म्हणजे काय हे सांगावयास कोणी नव्हते. या वैमानिकाला ते शिकवलेले होते. ज्ञान डोक्यात असणे वेगळे आणि हातात असणे वेगळे, एवढाच याचा अर्थ.

येथे मला माझी स्वतःची एक हकीकत सांगितली पाहिजे. मी एकट्याने विमान उडवू लागून थोडेच दिवस झाले होते. दुपारची वेळ, आडवा वारा, आणि विमानतळाच्या व्हरांड्यात चहाचे पेले हातात घेऊन बसलेले माझे सहाध्यायी. शेवटच्या वळणावर मला उशीर झाला आणि धावपट्टीची रेषा माझ्या अंगाखालून निघून गेली. खरे तर त्याच वेळी इंजिनाला जोर देऊन पुढे निघून जावयास हवे होते. परंतु व्हरांड्यातली मंडळी पाहत होती ना! मी आतले पेडल दाबले. नाक झुकले. मी दांडा ओढला. आणि डाव्या बाजूने तो पेटीचा सूर कानावर आला.

आमचे शिक्षक वृद्ध आणि मितभाषी होते. दांडा मुठीत धरला तर ते हातावर पेन्सिल मारीत, आणि दोन बोटे व अंगठा यांतच तो धरावयास लावीत. ‘मुठीतला दांडा बोलत नाही, बोटांतला बोलतो,’ हे त्यांचे नेहमीचे वाक्य. त्या क्षणी मला वायुगतिशास्त्र काही आठवले नाही. आठवली ती ती पेन्सिल. माझी मूठ आवळलेली होती. मी ती उघडली. दांडा आपोआप पुढे गेला, सूर थांबला, विमान पुन्हा माझे झाले. मी पंख सरळ केले, इंजिनाला जोर दिला आणि धावपट्टी बाजूला ठेवून वर निघून गेलो. दुसऱ्या फेरीत उतरलो.

विमानातून उतरलो तेव्हा पाय कापत होते. शिक्षक माझ्याकडे चालत आले. बोलणी खाण्याची मी तयारी ठेवली होती. ते म्हणाले, ‘दुसऱ्यांदा आलास, हे बरे केलेस. आता लगेच तिसऱ्यांदा जा.’ आणि त्यांनी मला तसेच परत वर पाठवले. त्या तिसऱ्या फेरीत मी वळण वेळेवर घेतले.

पुढे मी शिकवू लागलो तेव्हा त्यांच्या त्या दोन वाक्यांचा अर्थ मला अधिकाधिक कळत गेला. उतरण्याचा प्रयत्न सोडून देऊन पुन्हा फेरी मारणे, यात नामुष्की नाही. वळण चुकले, वेग बरोबर नाही, विमान रेषेत नाही, असे वाटले की ‘जमवून घेऊ’ हा शब्द मनातून काढून टाकावा. मात्र पुन्हा वर जातानाही सावध असावे. उतरताना नाक वर राहावे म्हणून शेपटाची तोल साधणारी पट्टी लावून ठेवलेली असते. इंजिनाला एकदम जोर दिला की नाक आपण होऊन उंच चढू पाहते आणि वर जाण्याच्या घाईतच स्टॉल गाठू शकतो. तेव्हा जोर देताना दांडा निश्चयाने पुढे धरावा, आणि पंखांच्या मागच्या कडेला खाली सोडलेले फ्लॅप एकदम न मिटता टप्प्याटप्प्याने मिटावेत.

आता शेवटचे काही फूट. सारे नीट जमून आले, विमान धावपट्टीवर पोचले. जमिनीपासून दहावीस फुटांवर वैमानिक दांडा हळूहळू मागे घेऊ लागतो. येथे मात्र दांडा मागेच घ्यावयाचा असतो! घाईने घेतला तर विमान फुग्यासारखे पुन्हा वर उचलले जाते आणि वेग हरवून वरून धपकन पडते. तसे झाले तर नाक किंचित सैल करून थोडा जोर द्यावा, अथवा सरळ दुसरी फेरी घ्यावी. सबुरीने घेतला तर विमान धावपट्टीवर दोनतीन फुटांवर तरंगत राहते. जमिनीजवळ पंखांखालची हवा थोडा जास्तीचा आधार देते. वैमानिक विमानाला टेकू देत नाही. ‘थांब, अजून थोडे थांब,’ असे म्हणत तो दांडा मागे मागे घेत राहतो. वेग मरतो, कोन वाढतो, पेटीचा सूर सुरू होतो, आणि पंखांचा आधार सुटतो न सुटतो तोच मागची चाके धावपट्टीला अलगद टेकतात.

तोच सूर, श्रोतेहो. चारशे फुटांवरच्या वळणात ज्याने माझ्या छातीत धडकी भरवली, तोच सूर जमिनीपासून वीतभर उंचीवर वाजला म्हणजे शिक्षकाच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. स्टॉल हा विमानाचा शत्रू नव्हे. तो प्रत्येक चांगल्या अवतरणाच्या शेवटी यावयाचाच असतो. त्याची जागा मात्र ठरलेली आहे, आणि ती जागा धावपट्टीच्या वर वीतभर आहे. त्या जागेपर्यंत वेग राखणे, वळणे सौम्य ठेवणे, निरोप ऐकणे, आणि निरोप आला की मूठ उघडणे, एवढेच वैमानिकाचे काम.

आपणांपैकी कोणाची मुले वा मुली आज बारामतीला, गोंदियाला किंवा आणखी कोठे विमान चालवावयास शिकत असतील. संध्याकाळी त्यांचा फोन आला आणि ‘आज उतरता आले नाही, दुसरी फेरी घ्यावी लागली,’ असे ती म्हणाली, तर कृपा करून हळहळू नका. ‘बरे केलेस,’ एवढेच म्हणा.